श्वास थांबलेल्यासाठी फवारा

दम्याचा पंप वापरताना आपण श्वास आत ओढतो, म्हणून औषध फुफ्फुसात पोचतं. पण ज्याचा श्वासच बंद पडत आलाय, त्याला 'आत ओढ' कसं सांगणार? हेरॉइन, फेंटानिल यांचा ओव्हरडोस झाला की नेमकं हेच होतं. अमेरिकेत असे मृत्यू वाढू लागले, तसा हा प्रश्न तिथे गंभीर झाला. यावरचा उतारा म्हणजे नॅलॉक्सोन.

तो नाकातून देता येतो, कारण नाकातल्या ओलसर श्लेष्मल त्वचेखाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. मात्र एका नाकपुडीत जेमतेम 0.1 ते 0.15 मिलिलीटर द्रव टिकतो. पूर्वी सिरिंजला फवारणीचं टोक जोडून प्रत्येक नाकपुडीत 1 मिलिलीटर सोडायचे. ऐन घाईत जुळवाजुळव, आणि बरंचसं औषध घशात!

2015 मध्ये तिथल्या एफडीएने नार्कन फवाऱ्याला मान्यता दिली. त्यात 4 मिलिग्रॅम औषध अवघ्या 0.1 मिलिलीटरमध्ये बसवलंय. अंगठ्याने दट्ट्या दाबला की त्या जोरानेच फवारा उडतो. रुग्णाला काहीच करावं लागत नाही. नाकाच्या फवाऱ्याचे थेंबही मुद्दाम मोठे, बहुतेक 10 मायक्रॉनच्या वर ठेवतात. बारीक थेंब नाकात न थांबता फुफ्फुसाकडे जातात.

आत एकच मात्रा असते, म्हणून आधी दाबून बघायचं नाही. 2023 पासून तो तिथे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळू शकतो. कारण जवळ डॉक्टर नसतो. असते आई, नाहीतर रूममेट. त्यांच्या थरथरत्या हातांनाही जमेल, अशीच त्याची रचना हवी. तरीही अँब्युलन्स बोलवायचीच, कारण उताऱ्याचा परिणाम तासा-दीड तासात ओसरू शकतो.