गच्चीतून दिसणारं ताऱ्यांचं आयुष्य

तारा जन्मल्यापासून विझेपर्यंत पाहत बसायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. पण कर्जत लोकलच्या एकाच डब्यात तान्ह्या बाळापासून काठी टेकत चढलेल्या आजोबांपर्यंत सगळी वयं भेटतात, तसंच आकाशात होतं. जानेवारीत रात्री नऊला डोंबिवलीतल्या कुठल्याही गच्चीवर जा. दक्षिणेकडे वर मृग नक्षत्र दिसेल: चार खूर आणि पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण. बाणाच्या खाली दुर्बिणीतून धुरकट ठिपका दिसतो. सुमारे 1,350 प्रकाशवर्षं दूर असलेल्या त्या तेजोमेघात आजही तारे जन्माला येत आहेत. डोक्यावरचा कृत्तिकांचा पुंजका सुमारे दहा कोटी वर्षांचा; ताऱ्यांच्या हिशेबात तरुण.

खरी गंमत आहे ती मृगातल्या तांबूस काक्षीची. तो जेमतेम एक कोटी वर्षांचा, म्हणजे कृत्तिकांहून कितीतरी लहान, तरीही पार म्हातारा! कारण ताऱ्याचं आयुष्य त्याच्या वजनावर ठरतं. वस्तुमान जितकं जास्त, तितकं गाभ्यातलं तापमान जास्त आणि हायड्रोजनही तितक्याच झपाट्याने संपतो. काक्षी सूर्याच्या दहापटीहून जड आहे. शेवटी त्याचा स्फोट होणार हे नक्की. 2019-20च्या हिवाळ्यात तो नुसत्या डोळ्यांना जाणवेल इतका मंदावला, तेव्हा ती घटका आली की काय असं अनेकांना वाटलं. पण त्यानेच बाहेर टाकलेली धूळ आड आली होती.

सूर्य मात्र काटकसरी. वय 460 कोटी वर्षं, आणि जवळपास तितकीच अजून बाकी. पुढे तो फुगेल, बाहेरचे थर सोडून देईल आणि पृथ्वीएवढा श्वेतबटू होऊन उरेल. व्याधाच्या झगमगाटात असाच एक श्वेतबटू लपलेला आहे. अशा ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे 1.4 पटीपलीकडे जाऊ शकत नाही, हे चंद्रशेखर यांचं गणित.

आकाशगंगा मात्र ठाणे-कल्याणच्या उजेडात दिसत नाही. ज्या एक लाख प्रकाशवर्षं रुंद चकतीत आपण राहतो, तिचा दाट भाग पाहायचा तर एप्रिलमधल्या अमावास्येला, मध्यरात्रीनंतर, वांगणीसारखं ठिकाण गाठावं लागतं. खगोल मंडळाचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम तिथे होत आले आहेत. पण बदलापूरचा उजेडही आता त्याच दिशेने सरकतो आहे. रस्त्यावरच्या दिव्यांना वरून झाकण बसवलं, तर उजेड जमिनीवरच पडेल आणि वीजही वाचेल. पालिकांनी हे काम आता हाती घ्यायलाच हवं.