सहीआधी कन्सेंट टर्म्स वाचा

क्रिकेटपटू युझवेंद्र चहल आणि नृत्यदिग्दर्शिका धनश्री वर्मा यांचा घटस्फोट गुरुवारी, २० मार्च २०२५ रोजी वांद्र्याच्या फॅमिली कोर्टात मंजूर झाला. चर्चा झाली ती पावणेपाच कोटींच्या पोटगीची आणि आयपीएलसाठीच्या घाईची. निकाल फिरला तो मात्र कन्सेंट टर्म्समधल्या, म्हणजे दोघांनी संमतीने लिहून दिलेल्या करारातल्या, एका अटीमुळे. ठरलेल्या रकमेपैकी साधारण निम्मीच दिली गेली, म्हणून फॅमिली कोर्टाने अर्जानंतर थांबण्याची सहा महिन्यांची मुदत माफ करायला नकार दिला होता. उच्च न्यायालयात न्या. माधव जामदार यांनी तोच कागद वाचला. उरलेला हप्ता हुकूमनामा झाल्यावर द्यायचा, असं त्यात ठरलेलं होतं. म्हणजे अटी पाळल्या गेल्या होत्या. अडीच वर्षांहून अधिक काळ दोघं वेगळी राहत होती, हेही जमेस धरलं गेलं.

अंधेरी-बोरिवलीची असोत की घाटकोपर-मुलुंडची, मुंबई उपनगरातली जोडपी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या याच फॅमिली कोर्टात येतात. त्यांचं भांडण बहुधा फ्लॅटवर अडतं. दोघांच्या नावावर घर, दोघांच्या नावावर कर्ज. ‘हप्ते तो भरेल’ एवढं लिहून सही होते. पण बँक त्या कराराला बांधील नसते. त्याने हप्ते थकवले, तर वसुलीची नोटीस तिलाही येते. कर्जातून नाव कधी आणि कसं निघणार, हे बँकेत विचारूनच अटीत लिहून घ्यावं. दुसरी गोष्ट मुद्रांक शुल्काची. महाराष्ट्रात राहतं घर जोडीदाराला बक्षीसपत्राने दिलं, तर मूळ शुल्क २०० रुपये आहे, अधिभार वेगळा. हुकूमनाम्यानंतर ते नातंच उरत नाही, ही सवलतही नाही. त्यामुळे हस्तांतर आधी की नंतर, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.

संमतीच्या घटस्फोटाच्या अर्जाआधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. त्यासाठी भाड्याची दुसरी खोली घ्यायलाच हवी असं नाही. एकाच छताखाली राहूनही पती-पत्नी म्हणून नांदत नसाल तर चालतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलं आहे. त्याच निकालानुसार हुकूमनामा होईपर्यंत कुणीही एक जण संमती मागे घेऊ शकतो. म्हणून सगळे दागिने, सगळे पैसे पहिल्याच तारखेला देऊन मोकळं होऊ नये. हप्ते कोर्टाच्या टप्प्यांना बांधावेत.

पोटगीवर वाद असेल, तर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागतात. संमतीच्या घटस्फोटातही ही माहिती मागून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. समोरच्याची मिळकत ठाऊक नसताना ‘पोटगीचा हक्क सोडते’ असं लिहून देणं फार महाग पडतं. संमतीच्या हुकूमनाम्यावर अपीलही होत नाही.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कोणत्याही बाईने न वाचता सही करू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. तो जरूर मागा.