डावा झोत

दिवसा गाडीत दोष नव्हता. बेळगावच्या सर्व्हिस सेंटरमध्ये तर कधीच नव्हता. तो यायचा रात्री, भर पावसात, महामार्ग सोडून कॅसलरॉककडे वळलं की जंगलातल्या खड्ड्यांच्या रस्त्यावर. पॅनेलवर आधी एबीएसचा दिवा, लगोलग स्टीअरिंगचा, स्टीअरिंग हाताला जड, आणि काय झालं हे कळायच्या आत सगळं पूर्ववत. गाडी नवी कोरी, वॉरंटीतली. पण हे असं एखाद्या वळणावर झालं तर, हा विचार एकदा डोक्यात शिरला की तो जात नाही.

सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला. कोड निघाले: एबीएस युनिटला व्होल्टेज कमी, आणि त्या युनिटशी बाकी गाडीचा संपर्क तुटला. बॅटरी तपासली, ठणठणीत होती, तरी बदलून दिली. अर्थच्या वायरींना मल्टिमीटर लावून रेझिस्टन्स पाहिला, जवळजवळ शून्य. जॉब कार्डावर शेरा पडला, ‘फॉल्ट आढळला नाही’. त्याच कार्डावर माझी तक्रार ‘वॉर्निंग लाइट येतो’ एवढीच लिहिलेली होती. रात्र, पाऊस, खड्डे, मी सांगितलेलं सगळं काउंटरवरच गळून गेलं. त्याचा मला अजून राग आहे. अधूनमधून येणारा दोष कधी येतो, हाच त्याचा निम्मा पत्ता असतो.

गावात विचारलं तर उत्तर एकच, उंदीर. पावसाळ्यात बॉनेटखालच्या उबेला उंदीर येतात आणि वायरी कुरतडतात, हे आमच्याकडे घरोघरी माहीत. टॉर्च घेऊन वायरींचं सगळं हार्नेस चाचपलं. ना लेंड्या, ना दाताची खूण. मग पाण्याचा संशय. दिवसाउजेडी कनेक्टरांवर पाणी ओतून पाहिलं, गाडीने दाद दिली नाही.

शेजारचे काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. कॅसलरॉक हे रेल्वेचंच गाव. १९६१ पर्यंत पलीकडे पोर्तुगीज गोवा होता, कस्टमची तपासणी इथेच व्हायची. इथून गोव्यातल्या कुळ्यापर्यंतचा घाट १:३७ चा, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली. उतरणीला लागण्याआधी आगगाडीचे ब्रेक इथे तपासले जातात. काका त्याच शिस्तीत वाढलेले. माझं म्हणणं त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

“अगं, आमचं ट्रॅक सर्किट असंच छळायचं,” ते म्हणाले. रुळांतून थोडासा करंट सोडलेला असतो आणि त्याच्या जोरावर रिले उचललेला राहतो. गाडी आली की चाकं तो करंट आपल्यातून वळवतात, रिले पडतो, सिग्नल लाल होतो. पण घाण बसलेली खडी पावसाने भिजली, की गाडी नसतानाही करंट गळतो आणि रिले पडतो. ऊन पडलं की सगळं ठीक. “कोरड्यात मीटर लावून काय मिळणार? आम्ही पावसातच जायचो. तू पण रात्री, पावसातच बघ. आणि त्या वेळी गाडीत काय काय चालू असतं, ते लिहून काढ.”

लिहून काढलं. हेडलाइट, वायपर, ब्लोअर, मागच्या काचेचा डीफॉगर, चढावर रेडिएटरचा फॅन. दिवसा यातलं फारसं काहीच चालू नसतं.

रात्री काका शेजारी बसले. धुकं एवढं, की दोन्ही हेडलाइटचे झोत दोन खांबांसारखे वेगवेगळे दिसत होते. चाक खड्ड्यात आपटलं. “डावा बघ!” काका ओरडले. डावा झोत पिवळा पडला होता, उजवा पांढराच. पुढच्याच खड्ड्यात डावा आणखी मंदावला, आणि त्यानंतर पॅनेलवर एबीएसचा दिवा लागला. हॅलोजन बल्बला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं तरी उजेड जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. शहराच्या दिव्यांत ते डोळ्यांना कळलंच नसतं. कॅसलरॉकच्या धुक्याने ते उघडं केलं.

काकांनी तिथेच हिशेब मांडला. बॅटरी किंवा अल्टरनेटर दुबळा असता तर दोन्ही झोत पिवळे पडले असते. एकटा डावा पडतो, म्हणजे खोट डाव्याच्या स्वतःच्या वाटेवर. करंट वायरीने दिव्यापर्यंत जातो आणि गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत येतो. परतीची ती वाट जिथे पत्र्याला बोल्टने आवळलेली असते, तो अर्थ पॉइंट.

रामनगरच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने वायरिंगचा नकाशा मिळवला. डावा हेडलाइट, वायपर, रेडिएटरचा फॅन आणि एबीएस युनिट, चौघांचा अर्थ एकाच बोल्टवर होता, बॅटरीच्या ट्रेखाली. त्याने मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी त्या बोल्टवरच्या लगला, म्हणजे वायरीच्या टोकाच्या कडीला, लावली. सगळं बंद, मीटर शून्यावर. मग सगळं चालू करायला लावलं. मीटरवर ०.६ व्होल्ट. इथे ०.१, फार तर ०.२ चालतो. त्याने लग जरासा ओढला, आकडा चारच्या वर उडाला, काचेवरचा वायपर रेंगाळला आणि पॅनेलवर एबीएसचा दिवा लागला. भरदिवसा, कोरड्यात, गाडी जागेवर उभी असताना! आम्ही तिघंही एकदमच बोलायला लागलो.

सर्व्हिस सेंटरच्या मीटरला हे का दिसलं नाही? सगळं चालू असताना त्या बोल्टमधून अंदाजे २५ अँपिअर जात होते. ०.६ भागिले २५, म्हणजे ०.०२४ ओहम. साध्या मल्टिमीटरला तो शून्यच वाटतो. शिवाय रेझिस्टन्स मोजताना मीटर स्वतः अगदी किरकोळ करंट सोडतो, आणि तेवढा करंट एखाद्या टोकाएवढ्या स्पर्शातूनही सुखाने पार होतो. भार चालू ठेवून व्होल्टेज मोजलं, तरच ही खोट बोलते.

बोल्ट काढला. लगखाली पत्र्यावर गाडीचा रंग शाबूत होता, कारखान्यात लागलेला तसाच. सगळा करंट बोल्टच्या आट्यांतून जात होता, आणि खड्ड्यात गाडी हादरली की तीही वाट सुटत होती. एबीएस युनिट उपाशी पडलं की गाडीच्या वेगाची माहिती स्टीअरिंगला मिळेनाशी होते, म्हणून दुसरा दिवा. इलेक्ट्रिशियनने पॉलिश पेपरने रंग खरवडून पत्रा उजळला, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. सगळं चालू ठेवून मीटर पाहिला, ०.०३ व्होल्ट.

अशा बारीक स्पर्शाची खोट मोठमोठ्यांना नडली आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या काही मॉडेलांत ब्रेकचे दिवे नको तेव्हा लागत आणि हवे तेव्हा लागत नसत. बारीक कंपनांनी कनेक्टरमधले संपर्क घासून तिथे गंज धरत होता. कंपनीने २००९ मध्ये सुमारे आठ हजार गाड्या परत बोलावल्या, आणि २०१४ मध्ये २४ लाखांहून जास्त. उपायात त्या कनेक्टरला खास ग्रीस लावणं होतं. पहिल्या आठ हजारांच्या वेळीच तक्रारी नीट वाचल्या गेल्या असत्या तर मधली पाच वर्षं वाचली असती, असं मला वाटतं.

काकांनी उजव्या बाजूचा अर्थ बोल्टही उघडायला लावला. तिथे पत्रा लख्ख होता. म्हणजे कारखान्यात रंग चुकवायची पद्धत होती, डाव्या बोल्टवर ती पाळली गेली नव्हती. आणि माझ्या गाडीच्या मागेपुढे त्याच लाइनवरून उतरलेल्या गाड्यांचं काय, हे कुणीतरी पाहायला हवं. रंगाचा फोटो, तिन्ही रीडिंग आणि चॅसी नंबर मी कंपनीला पाठवला आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन जॉब कार्डावर रात्र, पाऊस, खड्डे हे माझ्यासमोर लिहून घेतलं, आणि मगच सही केली.