सांधे का धरतात? सगळेच ‘वात’ एक नसतात

भांगलणीला, ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या आया-बहिणी सांधे धरले की ‘वात आला’ म्हणतात आणि मेडिकलमधून गोळी आणतात. दुःखाला कारण असते आणि कारण कळले की उपाय सापडतो, ही तथागतांची शिकवण. म्हणून सांध्याच्या आत काय चालते ते आधी पाहू.

सांध्याभोवतीच्या पिशवीला आतून पातळ अस्तर असते. त्यात मुख्यतः दोन प्रकारच्या पेशी असतात. एक वंगण तयार करणाऱ्या, दुसऱ्या राखणदार. राखणदार पेशी कचरा खातात आणि सूज शमवतात. २०१९ साली जर्मनीतील संशोधकांना उंदरांच्या अभ्यासात दिसले, की यातील काही पेशी एकमेकींना घट्ट धरून सांध्याभोवती पडदा उभा करतात. सांध्याला आमवातासारखी सूज येऊ लागली की हा पडदा विस्कटतो.

आता प्रकार पाहू.

झिजेचा संधिवात : झिजलेल्या कूर्चेचे कण अस्तराला डिवचतात. सूज बेताची असते. सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात सुटतो.

आमवात : शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते. रक्तातून आलेल्या नव्या पेशी सूज भडकवतात. वंगणाच्या पेशी बेसुमार वाढून कूर्चा आणि हाड कुरतडतात. दोन्ही हातांची बोटे, मनगटे सुजतात. सकाळी तासभर मूठ वळत नाही, भाकरी थापता येत नाही.

गाऊट : युरिक ॲसिडचे बारीक खडे राखणदार पेशी गिळतात आणि भडकतात. पायाचा अंगठा एका रात्रीत लाल होऊन ठणकतो.

चिकुनगुन्या : २००६ साली महाराष्ट्रात याची मोठी साथ आली होती. विषाणू अस्तराच्या पेशींतही शिरतो, म्हणून ताप गेल्यावरही काहींचे सांधे महिनोन्महिने दुखतात.

आमवात औषधाने शांत होतो, तेव्हा अस्तरात सूज शमवणाऱ्या राखणदार पेशींचे प्रमाण वाढलेले असते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की ज्यांच्यात या पेशी कमी होत्या, त्यांचा आजार औषध थांबवल्यावर उलटण्याची शक्यता जास्त होती. म्हणजे दुखणे थांबले तरी आतले काम पुरे झालेले असेलच असे नाही. औषध मनाने बंद करू नका.

हे लक्षात ठेवा :

• सांध्यांची सूज दीड महिन्याहून अधिक टिकली, तर कोडोलीतील सरकारी दवाखान्यात दाखवा. गरज असल्यास कोल्हापूरच्या सीपीआरला जाण्यासाठी चिठ्ठी मागा. उशिरा गेल्यास वाकडी झालेली बोटे सहसा सरळ होत नाहीत.

• आमवातावरची मेथोट्रेक्सेट गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतल्यास जिवावर बेतते. गरोदरपणात ती चालत नाही.

• ‘वाताची पुडी’ घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेले असू शकते. त्याने साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. बरेच दिवस घेत असाल तर एकदम न थांबवता डॉक्टरांना सांगा.

• बिडी-सिगारेट सोडा. तिने आमवाताचा धोका वाढतो.

हा कुणाचा कोप नाही की मागल्या जन्मीचे पाप नाही. गंडा-दोरा, अंगाऱ्यात घालवलेले महिने सांध्याला परत मिळत नाहीत. घरातल्या माउलीची मूठ सकाळी वळत नसेल, तर तिला या आठवड्यातच दवाखान्यात न्या.