घोरणे हसण्यावारी नेऊ नका

घोरणे म्हणजे गाढ झोपेची खूण, असा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या समज आहे. घोरणाऱ्याला कुंभकर्ण म्हणून हसायचे आणि आपण कूस बदलून झोपायचे, यापलीकडे कोणी त्याचा विचार करीत नाही. पुरुष घोरला तर निदान थट्टेवारी तरी जाते. बाई घोरते ही तर घरातल्या घरात दाबून टाकण्याची गोष्ट. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले, तेव्हा 'स्लीप ॲप्निया' हे नाव वर्तमानपत्रांतून अनेकांनी पहिल्यांदा वाचले. त्याच वर्षी डिसेंबरात ते माझ्याही केसपेपरवर लिहिले गेले.

मी डॉक्टर नाही. तासगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत ३४ वर्षे शिकवले, आता निवृत्त आहे. औषधोपचाराचा सल्ला डॉक्टरांनीच द्यावा. चाचणी कशी होते, श्वासाचे यंत्र घरात आल्यावर काय काय होते आणि ते अंगवळणी कसे पडते, एवढेच रुग्ण म्हणून सांगायचे आहे. यंत्र विकत घेतल्याने उपचार होत नाही, ते रोज रात्री लावल्याने होतो. आणि नेमके तिथेच अनेकांचे घोडे अडते.

नुसता थकवा नव्हे

माझी मूळ तक्रार घोरण्याची नव्हतीच, थकव्याची होती. रात्री दहाला पडून सकाळी सहाला उठले तरी अंग आंबलेले आणि डोके जड. रात्रीतून तीन-चार वेळा लघवीला उठावे लागे म्हणून साखर तपासली, ती ठीक निघाली. हिमोग्लोबिन थोडे कमी होते म्हणून लोहाच्या गोळ्या झाल्या, थायरॉइडच्या गोळीची मात्रा बदलून झाली. "पाळी गेल्यावर असे होतेच," हे तर ज्याने त्याने सांगितले. रक्तदाब दोन गोळ्या घेऊनही चढलेलाच. दुपारी मुले पाढे लिहीत असली की माझे डोळे मिटत.

सर्वांत भीती वाटे ती स्कूटरवर. शाळा सुटल्यावर यजमान न्यायला येत. एका बाजूला पाय सोडून मागे बसलेली मी दोन वेळा पेंगता पेंगता तोल जाऊन त्यांच्या पाठीवर आदळले. तेव्हापासून ते वाटभर मला मोठमोठ्याने काही ना काही विचारीत राहत, मी जागी राहावी म्हणून.

दुवा जुळवला तो धाकट्या जावेने. यजमानांना कानाने कमी ऐकू येते, त्यामुळे रात्रीच्या प्रकाराचा त्यांना पत्ता नव्हता. दिवाळीत जाऊ चार दिवस राहायला आली आणि माझ्या खोलीत झोपली. तिसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाली, "ताई, रागावू नका, पण तुम्ही घोरता घोरता एकदम गप्प होता. छाती हलत असते, पण श्वासाचा आवाज नाही. मी घाबरून उठून बसते. मग तुम्ही दचकून मोठा श्वास घेता." हेच मी आमच्या डॉक्टरांना जसेच्या तसे सांगितले आणि त्यांनी लगेच मिरजेच्या छातीविकारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली. या आजाराचा पहिला साक्षीदार स्वतः रुग्ण नसतो. शेजारी झोपणारे माणूस असते.

श्वास का थांबतो?

झोपेत सर्व स्नायू सैल पडतात, तसे घशाचेही पडतात. काहींची जीभ आणि पडजीभ मागे सरकून श्वासाची वाट अरुंद होते. हवा त्या फटीतून जाताना जो आवाज होतो ते घोरणे. वाट पुरतीच बंद झाली की छाती जोर लावत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो, घसा उघडतो आणि माणूस घुर्रकन श्वास घेऊन पुन्हा झोपी जातो. सकाळी यातले काहीच आठवत नाही. १० सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ श्वास थांबला तर तो एक 'ॲप्निया' मोजतात.

लठ्ठपणा, जाड मान, मागे असलेला खालचा जबडा, वाढलेले टॉन्सिल ही याची नेहमीची कारणे. पाळी गेल्यानंतर स्त्रियांमध्ये हा धोका वाढतो. रात्रीच्या लघवीचे कोडेही इथेच सुटले. बंद घशाविरुद्ध छाती जोर लावते तेव्हा हृदयाच्या कप्प्यांवर ताण येतो, हृदय एक संप्रेरक सोडते आणि मूत्रपिंडे जास्त लघवी तयार करतात. दर वेळी प्राणवायू घटला की रक्तदाब उसळतो. गोळ्या घेऊनही तो का उतरत नव्हता, त्याचे एक कारण समजले.

चाचणीची रात्र

या चाचणीला पॉलिसोम्नोग्राफी म्हणतात. नाव अवघड असले तरी सुई नाही, कापाकापी नाही. रुग्णालयात जाऊन एक रात्र झोपायचे. आदल्या दिवशी केस धुऊन यायला सांगितले होते. तेल लावायचे नाही, कारण डोक्याला वायरी चिकटत नाहीत. दुपारनंतर चहा बंद. नखाला रंग नको, कारण बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा लावतात.

रात्री नऊ वाजता तंत्रज्ञ मुलीने डोके, डोळ्यांच्या कडा, हनुवटी आणि पायांना वायरी चिकटवल्या. छाती-पोटाला पट्टे बांधले, नाकाशी बारीक नळी दिली. आरशात पाहिले तर टेलिफोन एक्स्चेंजच डोक्यावर घेतल्यासारखे दिसत होते. अशा अवतारात झोप कशी लागणार, ही शंका प्रत्येकाला येते. लागते, नेहमीसारखी नाही, पण चाचणीपुरती लागते. लघवीला जायचे तर वायरींचे एक खोके सोडवून देतात. काही रुग्णांची चाचणी कमी वायरींच्या लहान यंत्रावर घरीही होते. कोणाला कोणती योग्य, ते डॉक्टर ठरवतात.

तासाला श्वास किती वेळा थांबतो वा उथळ होतो, तो आकडा महत्त्वाचा. ५ च्या आत ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र. माझा आकडा निघाला ४२. प्राणवायू ७४ टक्क्यांपर्यंत उतरला होता आणि एकदा तर श्वास ५२ सेकंद थांबला होता. आजार तीव्र आहे हे पहिल्या काही तासांतच दिसल्याने मध्यरात्रीनंतर मला यंत्र लावून, हवेचा किती दाब पुरतो तेही त्याच रात्री पाहिले. १० सेंटीमीटर पाण्याच्या दाबाला घसा उघडा राहिला. सकाळी डोके दुखत नव्हते. कित्येक वर्षांत असे झाले नव्हते.

हवेचा टेकू

या यंत्राला सीपॅप म्हणतात. ते प्राणवायू देत नाही. खोलीतलीच हवा गाळून, ठरलेल्या दाबाने नळीतून नाकावरच्या मास्कमध्ये सोडते. हवा भरली की सायकलची ट्यूब जशी चपटी होत नाही, तसा त्या दाबाने घसा मिटत नाही. ऑस्ट्रेलियात सिडनी येथील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी ही युक्ती शोधली आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध केली. त्याआधी तीव्र रुग्णांना गळ्याला भोक पाडून श्वासाची वाट करून देत. हे वाचल्यावर मास्कची कुरकूर थोडी कमी झाली.

पहिले पाच आठवडे

पहिल्या रात्री मी यंत्र जेमतेम दीड तास लावले. मास्क चढवला की कोणी तोंड दाबल्यासारखे वाटे. तंत्रज्ञ मुलीने उपाय सांगितला तो असा, की मास्कची ओळख झोपेत नव्हे, जागेपणी करून घ्यायची. मी रोज दुपारी अर्धा तास मास्क लावून तांदूळ निवडत बसू लागले. आठवड्याभरात गुदमरणे गेले. यंत्रात 'रॅम्प' नावाची सोय असते. तिने दाब हळूहळू चढतो, तोवर झोप लागते.

त्यानंतर एकेक बारीक अडचण निघाली आणि एकेक सुटली. माझ्या नाकातल्या चमकीमुळे कडेने हवा सुटून डोळ्यांत जाई. रात्री चमकी काढून ठेवू लागले. अंबाड्यावर पट्टा बसत नव्हता. सैल वेणी घातली. केसांच्या तेलाने मास्कची कड घसरते, म्हणून तेल सकाळी लावायचे आणि झोपताना चेहरा साबणाने धुवायचा. हवा सुटते म्हणून पट्टे आवळू नयेत, त्याने नाकावर वळ उठतो. आडवे पडून, यंत्र चालू ठेवून पट्टे जुळवावेत. घसा कोरडा पडे, त्यावर हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी जोडली. थंडीत नळीत पाणी साचून नाकाशी गुडगुड होऊ लागली, तेव्हा यंत्र पलंगापेक्षा खाली ठेवले आणि नळीला जुन्या शालीचे आवरण शिवले. तोंड उघडे राहत असेल तर हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क मिळतो. सकाळी पोट फुगून ढेकर येत असतील तर डॉक्टरांना सांगावे, मनाने दाब बदलू नये.

दुसऱ्या आठवड्यात सरासरी दोन तास, पाचव्या आठवड्यात साडेपाच तास. हे माझे अंदाज नव्हेत. यंत्रातल्या कार्डावर रोजचा हिशेब उमटतो आणि डॉक्टर तो पाहतात. तासाचा आकडा ४२ वरून ३ वर आला होता.

लाजेचा प्रश्न मात्र कार्डावर उमटत नाही. पूर्वी लग्नाकार्याला गेले की घोरण्याच्या धास्तीने मी रात्रभर भिंतीला टेकून बसे. यंत्र आल्यावर पुतण्याच्या लग्नात कोल्हापूरच्या कार्यालयात सर्व बायकांत गादी टाकली आणि मास्क लावला. पोरे जमली. एक म्हणाला, "काकू गणपती झाल्या!" सगळ्या हसल्या, मीही हसले आणि झोपले. सकाळी दोन बायका हळूच बाजूला येऊन विचारू लागल्या, "हे यंत्र कशासाठी असते हो?"

वीज, पाणी आणि खर्च

वीज गेली की हवा थांबते आणि बहुधा जाग येते. मास्कला हवा जाण्यासाठी छिद्रे असतात, त्यामुळे घाबरू नये. घरी इन्व्हर्टर असल्यास त्यावर यंत्र चालते. तेव्हा टाकीचे तापणे बंद ठेवावे, म्हणजे बॅटरी जास्त पुरते. टाकीत बोअरचे पाणी घालू नये, क्षार बसतात. डिस्टिल्ड वॉटर घालावे आणि ते रोज बदलावे. मास्कची कड रोज व नळी आठवड्याला सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावी.

मी आधी महिनाभर यंत्र भाड्याने घेतले, जमते असे दिसल्यावर विकत घेतले. मास्क धरून ५५ हजार रुपये लागले. स्वस्तात मिळते म्हणून कोणाचे वापरलेले यंत्र घेऊ नये. २०२१ मध्ये एका बड्या परदेशी कंपनीने आतला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याच्या भीतीने आपली लाखो यंत्रे परत मागवली होती. शिवाय दाब ज्याचा त्याने डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यायचा असतो.

यंत्र काय करते, काय करीत नाही

माझी दिवसाची पेंग गेली. रात्रीचे उठणे एकावर आले. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी रक्तदाबाची एक गोळी कमी केली. पण यंत्राने वजन उतरत नाही. ते चालून आणि ताटात हात आखडूनच उतरवावे लागले. यंत्र आजार मुळापासून घालवीत नाही. एक रात्र लावले नाही तर त्या रात्री श्वास पूर्वीसारखाच थांबतो.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सेव्ह' नावाच्या अभ्यासात हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार आधीच असलेले २,७१७ रुग्ण होते. त्यात यंत्राने पुढचे झटके कमी झाल्याचे दिसले नाही. दिवसाची झोप, मनःस्थिती आणि कामावरची हजेरी मात्र सुधारली. त्या रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच लावले होते. म्हणून यंत्र आहे तेव्हा हृदयाच्या गोळ्या बंद, असे कोणी समजू नये. दारू आणि झोपेच्या गोळ्या घसा आणखी सैल करतात, त्या डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नयेत. कोणतीही शस्त्रक्रिया असेल तर भूलतज्ज्ञांना हा आजार आधी सांगावा आणि यंत्र सोबत न्यावे.

कोणी तपासून घ्यावे?

डॉक्टर आठ गोष्टी पाहतात. मोठ्याने घोरणे, दिवसा थकवा, झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिला आहे का, उच्च रक्तदाब, लठ्ठपणा, वय ५० च्या वर, गळ्याचा घेर ४० सेंटीमीटरहून अधिक, आणि पुरुष असणे. यांपैकी तीन लागू पडल्या तर डॉक्टरांना भेटावे. आठवा गुण पुरुषांचा असल्याने बायकांची बेरीज एकाने कमी भरते. तेवढ्यावरून निश्चिंत राहू नये. गळ्याचा घेर शिंप्याच्या टेपने घरीच मोजता येतो. घोरणे मध्येच थांबत असेल तर घरच्यांनी मोबाइलवर दोन मिनिटांचे चित्रण करून ते डॉक्टरांना दाखवावे. गाडी, ट्रॅक्टर किंवा एसटी चालवणाऱ्यांनी तर ही तपासणी पुढे ढकलूच नये. त्यांच्या एका डुलकीवर इतरांचेही जीव अवलंबून असतात.

आणि यंत्र घरी आलेच, तर एक महिना त्याला द्यावा. रुतणारा पट्टा, सुटणारी हवा, कोरडा घसा यांतल्या बहुतेक गोष्टींवर उपाय आहे, पण तो विचारल्याशिवाय मिळत नाही. तंत्रज्ञाचा फोन नंबर यंत्राच्या पिशवीवरच लिहून ठेवावा.