डबा आपला, शिधा दुकानदाराचा

2025 च्या उत्तरार्धात तयार इमेज पुरवणाऱ्या बिटनामीने डॉकर हबवरच्या आपल्या बहुतेक फुकट इमेज ‘बिटनामीलेगसी’त नेऊन टाकल्या. तिथे ना दुरुस्त्या, ना नव्या आवृत्त्या. इकडे गावी, चामोर्शीत, माझ्या जुन्या प्रकल्पाचा डेटाबेस उठायलाच तयार नाही, इमेज सापडत नाही म्हणतो. आमच्या कोडला तर कुणी हातही लावला नव्हता.

डॉकरच्या आधीच्या वर्षांत सांगण्यासारखं फार नाही. सर्व्हरवर पायथॉनची एक आवृत्ती, लॅपटॉपवर दुसरी, आणि ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे ठरलेलं उत्तर. मार्च 2013 मध्ये सॉलोमन हाइक्सने पायकॉनमध्ये पाचेक मिनिटांत डॉकर दाखवलं आणि आता सगळं डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, बंद, असा समज पसरला.

मार्च 2016 मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतलं आणि जगभरचे बिल्ड कोसळले. तेव्हाच्या ऑफिसात आमचे वरिष्ठ निवांत: ‘आपण कंटेनरमध्ये आहोत, आपल्याला काय!’ अहो, कंटेनरची इमेज बांधताना ‘एनपीएम इन्स्टॉल’ माल बाहेरूनच आणतं ना? डबा आपला, शिधा रोज दुकानदाराचा. पुढच्या वर्षी एनपीएम 5 बरोबर लॉकफाइल आली, तर मर्ज करताना कटकट होते म्हणून याच मंडळींनी ती गिटइग्नोरमध्ये टाकली. ऑफिसात पॅकेजच्या प्रती साठवणारा एक जुना सर्व्हर होता, तोही ‘क्लाउड आहे की’ म्हणत बंद केला. त्याची आठवण मला अजून येते.

मग अल्पाइनचं खूळ आलं. इमेज जेमतेम पाच एमबी, म्हणून सगळे खूश. पण तिथे ग्लिबसी या सी लायब्ररीऐवजी मसल. पायथॉनची तयार व्हील्स चालायची नाहीत, आणि पांडास कंपाइल होईतो चहा थंड.

2020 च्या लॉकडाउनमध्ये गावी आलो. पुण्याच्या फायबरवर झाकलं गेलेलं इथल्या मोबाइल नेटवर उघडं पडलं. डॉकरफाइलमध्ये आधी सगळा कोड कॉपी आणि त्याखाली ‘पिप इन्स्टॉल’. कोडमधला एक स्वल्पविराम बदलला की पुढची कॅश बाद, सगळी पॅकेजेस पुन्हा उतरणार. रिक्वायरमेंट्सची फाइल आधी कॉपी करा, एवढाच उपाय. पण तो पटवायला मला व्हिडिओ कॉलवर घसा कोरडा करावा लागला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात डॉकर हबने लॉगिन न करणाऱ्यांना सहा तासांत 100 पुल्सची मर्यादा घालायला सुरुवात केली, तीही आयपीनुसार. मोबाइल नेटवर एका आयपीमागे कितीतरी अनोळखी लोक! शेवटी पुण्याहून येणाऱ्या मित्राकडून ‘डॉकर सेव्ह’ची टार फाइल पेन ड्राइव्हवर मागवली. जंगलाच्या जिल्ह्यात तीच सगळ्यात भरवशाची रजिस्ट्री ठरली.

इमेजला ‘लेटेस्ट’ टॅग लिहून मोकळं होणाऱ्यांशी आता वाद घालत नाही. टॅगऐवजी डायजेस्ट लिहा म्हणावं, तर मूळ इमेजच हटवली की डायजेस्टही निरुपयोगी. म्हणून लॉकफाइल रिपोत ठेवा, मूळ इमेज आणि पॅकेजेसच्या प्रती स्वतःकडे ठेवा, आणि या आठवड्यात एकदा बाहेरचं नेट तोडून, कॅश पुसून, आपला बिल्ड चालवून बघा.