टक्केवारी म्हणजे पुरावा नव्हे
वाङ्मयचौर्य शोधणारे सॉफ्टवेअर प्रबंधाची तुलना साठवलेल्या लेखनाशी करते आणि जुळणारी वाक्ये स्रोतासह दाखवते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यापुढचे साम्य चोरीचे आहे का, हे दोन्ही मजकूर शेजारी ठेवून पडताळता येते. यंत्रलिखित मजकूर ओळखणाऱ्या साधनांकडे असा स्रोतच नसतो. पुढचा शब्द किती अपेक्षित होता, यावरून ती मुख्यतः अंदाज बांधतात आणि तो सहसा टक्केवारीत सांगतात; त्यामुळे साधी, सरळ भाषाही संशयास्पद ठरते. २०२३मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजी परीक्षेतील ९१ निबंध ७ साधनांना दिले, तेव्हा सरासरी निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरले. मराठी माध्यमातून येऊन इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी ही गंभीर बाब आहे. खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने त्याच वर्षी जानेवारीत आणलेले आपले असे साधन अचूकता कमी म्हणून जुलैत मागे घेतले.

मग फसवणूक मोकाट सोडायची का, हा आक्षेप रास्त आहे. पण कच्चे खर्डे मागता येतात, लेखनावर तोंडी प्रश्न विचारता येतात. यात शिक्षकाचा वेळ जातो, हे खरेच. तरी ज्या आकड्याचे खंडन करायला विद्यार्थ्याच्या हाती काहीच नाही, त्यावर त्याचे वर्ष बुडवणे मला अन्यायाचे वाटते.